अधिक चिन्हाची वाट

युक्रेनमधील अनेक घरांत 2022 पासून सारा दिवस एका चिन्हाची वाट पाहण्यात जातो : '+'. आघाडीवर गेलेला मुलगा किंवा नवरा फोनवरून एवढेच पाठवतो. त्याचा अर्थ एकच, मी जिवंत आहे.

हे चिन्ह वायरलेसच्या बोलीतून आले. 'ऐकले, समजले' यासाठी तिथले सैनिक 'प्लस' म्हणतात. तोच शब्द घरच्या निरोपात उतरला. 'सारे शांत आहे' सांगणारा '4.5.0' हा संकेतही असाच घरोघरी पोचला.

निरोप इतका आखूड का? आघाडीवर सवड आणि वीज दोन्हींची टंचाई, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. चालू मोबाईल आपला ठावठिकाणा सांगत असतो. 1 जानेवारी 2023 रोजी, नववर्षाच्या पहिल्या मिनिटांत, दोनेत्स्क प्रांतातील माकीव्का येथे रशियन सैनिकांच्या मुक्कामाच्या इमारतीवर युक्रेनने अग्निबाण सोडले. रशियाने 89 मृत्यू मान्य केले आणि मनाई असताना झालेला मोबाईलचा वापर हे मुख्य कारण सांगितले. वरिष्ठांच्या चुका झाकण्यासाठी मृतांवर खापर फोडले जात आहे, अशी टीका खुद्द रशियातही झाली. ते काही असो, घरी खुशाली कळवणे हेच जिवावर बेतू शकते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

मग गप्प राहावे, तर आता शांतताही बोलू लागली आहे. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकन तुकडीतला कुणी मारला गेला की त्या तळावरचे खासगी फोन आणि इंटरनेट बंद होई. सैनिक त्याला 'रिव्हर सिटी' म्हणत. मृताच्या घरी अधिकृतपणे कळवल्यावरच संपर्क पुन्हा सुरू होई. उडत्या निरोपातून घाला पडू नये, हा त्यातला हेतू माणुसकीचाच होता. पण ईमेल थांबले की तुकडीतल्या साऱ्या घरांना कळे, कुणीतरी गेले. कोण, एवढेच कळायचे राहिलेले असे.

हे जुन्या काळाशी ताडून पाहावे. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियातील कूत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. बिनतारी यंत्र होते, पण ते लष्करी कामासाठी. गावाकडे आई, बायको तेव्हाही झुरत असणारच. मात्र पत्राला आठवडेच्या आठवडे लागतात, हे त्यांनी धरलेलेच असे. त्याच महायुद्धात फ्रान्समधले हिंदी शिपाई सेन्सॉरला चुकवण्यासाठी स्वतःला 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरी' लिहीत. तेव्हा संकेत जास्त सांगण्यासाठी होता, आज तो कमीत कमी सांगण्यासाठी आहे.

साधन वेगवान झाले, तसा धीराचा अवधी आखडला. पूर्वी महिनाभराचे मौन सहन होई; आता रोजच्या वेळेला '+' आले नाही तर घास उतरत नाही. म्हणून आघाडीवर जाणाऱ्याकडून 'रोज कळव' असे वचन घेण्यापेक्षा, 'निरोप नाही आला तर लगेच वाईट समजू नका' हे त्याच्या तोंडून ऐकून ठेवणे अधिक शहाणपणाचे, असे मला वाटते.

शेवटी पत्र काय किंवा '+' काय, धाडले त्या क्षणी तो होता, एवढेच सांगते. पुढच्या क्षणाची हमी तेव्हाच्या टपालाने दिली नाही, आजचे इंटरनेटही देत नाही.