विश्लेषण : धावण्याने नैराश्य हटते, मग गोळ्या कशाला?

‘गोळ्या सोडा, धावायला लागा’ असा सल्ला नैराश्याच्या रुग्णांना सर्रास दिला जातो. त्यातला धावण्याचा भाग खोटा नाही. गोळ्या सोडण्याचा भाग मात्र धोक्याचा आहे.

दमदार व्यायामाचा उपयोग होतो का?

होतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल यांच्या चमूने ५० वर्षे व त्यावरील वयाच्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालिन हे औषध, दुसऱ्याला व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही. व्यायाम म्हणजे शतपावली नव्हे. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, बोलताना धाप लागावी इतक्या जोमाने. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १६ आठवड्यांनी तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाचा गुण मात्र आधी दिसू लागला. शिवाय व्यायाम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, इतरांसोबत होता. अंथरुणातून उठणेच ज्याला जड जाते, त्याला ‘उद्यापासून एकटाच पळ’ म्हणणे ही निराळीच गोष्ट झाली.

‘बीएमजे’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २१८ चाचण्यांच्या आढाव्यातही चालणे-जॉगिंग, योग आणि वजनांचा व्यायाम नैराश्यात उपयुक्त ठरले. व्यायाम जितका जोमदार, तितका परिणाम जास्त, असेही त्यात दिसले.

पॅनिक डिसऑर्डर असेल तर?

धडधड, धाप, घाम ही व्यायामाची लक्षणे आणि हीच पॅनिक अटॅकचीही. त्यामुळे रुग्ण घाबरून मध्येच थांबतो. उलट, या संवेदना जीवघेण्या नाहीत हे शरीराला पटावे म्हणून काही उपचारतज्ज्ञ त्या मुद्दाम, थोड्याथोड्या अनुभवायला लावतात. १९९८ मधील एका जर्मन अभ्यासात दहा आठवडे धावण्याने पॅनिकच्या रुग्णांना फायदा झाला. पण क्लोमिप्रामिनने तो लवकर आणि जास्त झाला.

औषधे घेताना काय सांभाळावे?

बायपोलर आजारात उन्मादाची चाहूल लागली, झोप कमी होऊनही उत्साह मावेनासा झाला, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. लिथियम घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. भर उन्हात घाम गाळून पाणी कमी पडले की रक्तातील लिथियम वाढू शकते. अंग दुखते म्हणून घेतलेल्या आयबुप्रोफेननेही तेच होते. हात जास्त थरथरणे, उलट्या, तोल जाणे यांपैकी काही दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. मानसिक आरोग्याविषयी बोलायचे असल्यास सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.