भौतिकशास्त्रात ६१, जीवशास्त्रात ३१५. आता कॉलेज कुठले?

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका दुपारी ओपीडी संपत आली होती. आमच्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर कंत्राटी ड्रायव्हर असलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. दोघांपैकी कुणीही आजारी नव्हते. मुलीच्या हातात प्लास्टिकची फाइल होती आणि वडिलांच्या हातात वहीचे एक पान. त्या पानावर सतरा वैद्यकीय महाविद्यालयांची नावे ओळीने लिहिलेली होती. ‘मॅडम, ऑनलाइन फॉर्म भरायला दोन दिवस राहिलेत. एकदा नजर टाका,’ ते म्हणाले.

मी आधी फाइल उघडली. दहावीला ९६ टक्के. बारावीला जीवशास्त्र ९३, रसायनशास्त्र ७१, भौतिकशास्त्र ५४. ‘नीट’मध्ये ७२० पैकी ४९८, त्यात जीवशास्त्राचे ३६० पैकी ३१५, रसायनशास्त्राचे १८० पैकी १२२ आणि भौतिकशास्त्राचे १८० पैकी ६१. दरवर्षी निकालानंतर अशा वरखाली गुणपत्रिका घेऊन पालक येतात. विषय दोन चांगले, एक पडलेला; आणि एकूण गुण असे की सरकारी कॉलेज मिळेलही आणि थोडक्यात हुकेलही. अशा मुलांना यादी भरताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. खूप गुण असलेल्यांची यादी कशीही भरली तरी फारसे बिघडत नाही. यांची मात्र एका चुकीने जागा जाऊ शकते किंवा घरावर कर्ज चढू शकते.

पडलेला विषय किती नडतो?

वडिलांची पहिली धास्ती बारावीच्या भौतिकशास्त्राची होती. ‘५४ बघून कॉलेजवाले नाव मागे टाकतील का?’ उत्तर सरळ आहे: नाही. एमबीबीएसच्या प्रवेशात बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते बघतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींचे मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के गुण लागतात, शिवाय प्रत्येक विषयात पास असावे लागते. या मुलीची बेरीज ३०० पैकी २१८ होती. विषय तिथेच संपला. दहावीच्या ९६ टक्क्यांचाही गुणवत्ता यादीत उपयोग नाही.

क्रमांक ठरतो तो ‘नीट’च्या एकूण गुणांवर. तिथेही कोणत्या विषयात किती, हे सहसा कुणी विचारत नाही. दोघांचे एकूण गुण सारखे असतील तरच विषय बघितले जातात आणि त्यातही आधी जीवशास्त्राचे. म्हणजे या मुलीची वरखाली गुणपत्रिका बरोबरीच्या वेळी तिच्याच बाजूने उभी राहणार होती.

मग मुलीने तोंड उघडले. ‘मॅडम, फिजिक्स एवढे कच्चे आहे. एमबीबीएस झेपेल का मला?’ या प्रश्नासाठीच ती आली असावी. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र असे तीन विषय असतात. रक्ताचा दाब, डोळ्याचे भिंग, ईसीजी, सोनोग्राफी यांत भौतिकशास्त्र येते. पण ते समजून घेण्यापुरते. तीन मिनिटांत गणित सोडवायला कुणी बसवत नाही. तिथे कस लागतो तो रोज बसून वाचण्याचा आणि भरपूर लक्षात ठेवण्याचा. जीवशास्त्रात ९० पैकी ८१ प्रश्न बरोबर सोडवणारी मुलगी त्यात मागे पडायचे कारण नाही. मीही पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत नापास झाले होते, हे तिला सांगितल्यावर ती जराशी हसली.

कठीण आहे ते वेगळेच. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत पास व्हावी लागते आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. चांगले गुण घेऊन आलेली मुलेही घरापासून दूर एकटी पडून, वर्ग बुडवून तिथे अडकतात. म्हणून कॉलेज निवडताना आपले मूल कुठे टिकेल, हाही प्रश्न विचारायला हवा.

मागच्या वर्षीचे गुण बघू नका

वडिलांनी यादी बनवताना शेजारच्या क्लासमधून आणलेला कटऑफचा तक्ता वापरला होता. त्यात गुण होते. गुणांवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधणे म्हणजे मागच्या वर्षीच्या पावसावरून यंदाची पेरणी ठरवणे. २०२४ मध्ये पेपर सोपा गेला, सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर आली. एका वर्षी ज्या गुणांना सरकारी जागा मिळत नाही, त्याच गुणांना दुसऱ्या वर्षी ती सहज मिळू शकते.

म्हणून बघायचा तो क्रमांक. आपला अखिल भारतीय क्रमांक, राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक आणि आपला प्रवर्ग यांची सांगड घालून, मागच्या वर्षी त्या कॉलेजात त्या प्रवर्गाची शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला आणि कितव्या फेरीत गेली ते बघावे. पहिल्या फेरीतला आणि शेवटच्या फेरीतला क्रमांक यांत बरेच अंतर असते. ही माहिती सीईटी कक्षाच्या निवड याद्यांमध्ये फुकट मिळते.

रांगा दोन आहेत

सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात. त्या, शिवाय एम्स आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा, दिल्लीची एमसीसी ही समिती भरते. राज्याच्या ८५ टक्के जागा महाराष्ट्राचा सीईटी कक्ष भरतो. त्यासाठी साधारणपणे अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते. नोंदणी दोन्हीकडे वेगळी आणि कागदही वेगळे. इतर मागासवर्गाचे केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र निराळे असते. राज्यातल्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. एसईबीसी प्रवर्ग राज्यापुरताच आहे, अखिल भारतीय जागांना तो लागू होत नाही. गुणांनी मिळालेली जागा कागदाने गमावलेली मुले मी पाहिली आहेत. निकालाची वाट न बघता ही प्रमाणपत्रे काढून ठेवावीत.

यादीचा क्रम

आता त्या वहीच्या पानाकडे वळू. वडिलांनी सर्वांत वर असे कॉलेज लिहिले होते, जे ‘नक्की मिळेल’ असे त्यांना सांगितले गेले होते. मुलीला हवी असलेली कॉलेजे नवव्या-दहाव्या ओळीवर होती. ‘वर मोठे नाव टाकले आणि नंबर नाही लागला तर खालचेही हातचे जाईल ना?’

हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. जागावाटप असे होते: संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. प्रत्येकाचा क्रमांक आला की त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल ते पहिले नाव त्याला देतो. वरची पाच नावे मिळाली नाहीत तर सहावे बघतो. वर मोठे नाव लिहिल्याने खालच्या नावावरचा हक्क जात नाही. उलट, ‘नक्की मिळणारे’ कॉलेज वर लिहिले तर संगणक तेच देऊन मोकळा होतो, खालच्या नावांकडे तो बघतही नाही. तेव्हा यादी आवडीच्या क्रमाने भरावी, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नाही.

दुसरा नियम याच्याइतकाच महत्त्वाचा. ज्या कॉलेजात जायचेच नाही, ज्याची फी झेपणारच नाही, ते यादीत घालू नये. पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचे नाव लागले की आधीची जागा आपोआप जाते. मागे फिरता येत नाही. कोणत्या फेरीपर्यंत बाहेर पडता येते, अनामत रक्कम कधी जप्त होते, याचे नियम दोन्ही रांगांचे वेगळे आहेत आणि ते बदलतात. त्या वर्षीची माहिती पुस्तिका घरातल्या एकाने तरी पूर्ण वाचावी.

पैशाचा हिशेब आधी

यादीत तिसऱ्या ओळीवर एक अभिमत विद्यापीठ होते. फी विचारली तर वडील म्हणाले, ‘गावाकडे दोन एकर आहेत.’ मुलगी खाली बघू लागली.

सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास असते. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तीही काही लाखांत असते. बऱ्याच अभिमत विद्यापीठांत ती वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. आणि एक गोष्ट या बापलेकीला कुणीच सांगितली नव्हती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या खासगी कॉलेजातल्या जागेलाही ते लागू आहे. अभिमत विद्यापीठाला आणि व्यवस्थापन कोट्याला नाही. वसतिगृह, खाणावळ, पुस्तके यांचा खर्च उरतोच, पण दोन एकर वाचतात. ते नाव आम्ही तिथल्या तिथे खोडले.

परदेशातल्या एमबीबीएसचे एक माहितीपत्रकही त्यांच्याकडे होते. तिथून शिकून इथे प्रॅक्टिस करायची तर किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, तिथलीच १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परतल्यावर ३०० पैकी १५० गुणांची परीक्षा आहे. बहुतेक सत्रांत ही परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्मेही पास होत नाहीत. एजंट हे शेवटचे वाक्य सांगत नाहीत.

नवे कॉलेज की जुने?

मुंबईचे ग्रँट १८४५ चे, जीएस १९२६ चे, पुण्याचे बीजे १९४६ चे. त्यांचा दबदबा आहे आणि तो रास्त आहे. पण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशिम, गडचिरोलीसह १० सरकारी कॉलेजे सुरू झाली. पालक त्यांच्या नावाला बिचकतात. तिथे अध्यापकांची पदे रिकामी असतात, वसतिगृहाचे काम अर्धवट असते, हे खरे. मात्र जिल्हा रुग्णालय जोडलेले असल्याने रुग्ण भरपूर असतात आणि पदव्युत्तर विद्यार्थी कमी असल्यामुळे एमबीबीएसच्या मुलांच्या हाताला काम मिळते. राज्यातल्या विद्यापीठाला संलग्न सर्व कॉलेजांची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठच घेते आणि पुढची ‘नीट पीजी’ही सर्वांना एकच.

कुठलेही कॉलेज बघायला गेलात तर इमारतीआधी ओपीडीत जा. १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटांचे रुग्णालय लागते. त्या खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का, हे सकाळी दहा वाजता वॉर्डात चक्कर मारली की कळते. रिकाम्या वॉर्डात डॉक्टर घडत नाही. सरकारी कॉलेजातून पदवी घेतल्यावर एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधन असते, तेही मनात धरून ठेवावे.

आणि पुन्हा वर्ष द्यायचे का? इथे वरखाली गुणपत्रिका उपयोगी पडते. या मुलीचे भौतिकशास्त्रात २० प्रश्न बरोबर, १९ चूक आणि ६ सोडलेले होते. एका विषयात एवढी पडझड असेल, बाकी भक्कम असेल आणि मुलाची स्वतःची तयारी असेल तर एक वर्ष देण्यात अर्थ असतो. तिन्ही विषयांत सारखेच मध्यम गुण असतील तर फारसा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानंतर झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या मुलांना मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे, क्लास नंतर.

त्या दुपारी सतरा नावांची बारा झाली आणि क्रम मुलीने स्वतः लावला. दुसऱ्या फेरीत तिला सातव्या पसंतीचे, नवे सरकारी कॉलेज मिळाले. घरापासून साडेतीनशे किलोमीटर. वडील रजा काढून ट्रंक पोचवून आले. मध्यंतरी तिचा फोन आला होता. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या चाचणीत ती नापास झाली होती. मी तिला पुढच्या चाचणीची तारीख विचारली. ती म्हणाली, ‘गुरुवारी. अभ्यास सुरू केलाय.’