गतीचा जमाखर्च

दिवाळीची सुटी संपली आणि माझ्या नातीने शाखा बदलण्याचा अर्ज घरी आणला. ती अकरावीला विज्ञान शाखेत आहे. भौतिकशास्त्राच्या पहिल्या चाचणीत तिला चाळीसपैकी अकरा गुण मिळाले होते आणि आता तिला वाणिज्य शाखेत जायचे होते. अर्जावर सही तिच्या वडिलांनी करायची. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. ‘बाबा, तुम्ही एम.कॉम. आहात, तुम्हीच काय ते ठरवा.’ आपल्या व्यापारी कुटुंबांत वाणिज्य शाखेला कोणी कमी लेखत नाही. माझी तर सारी उपजीविकाच तिच्यावर झाली. परंतु हिशेबाच्या आवडीने वाणिज्याकडे जाणे निराळे आणि भौतिकशास्त्राला भिऊन जाणे निराळे.

मी तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. पहिलाच प्रश्न असा होता : सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? तिने ‘शून्य’ लिहिले होते. ‘आजोबा, तिथे तो क्षणभर थांबतो ना? मग शून्यच.’ बरोबर उत्तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, दिशा खाली, असे होते. ते का, हे तिला कोणी सांगितले असले तरी उमजले नव्हते. गतीची तिन्ही समीकरणे मात्र तिला मुखोद्गत होती. गती या विषयाचा तिचा परिचय समीकरणांपासून सुरू झाला आणि तेथेच संपला. एखादी हलणारी वस्तू तिने स्वतः कधीही मोजलेली नव्हती.

मला भौतिकशास्त्र येत नाही, खाती येतात. म्हणून मी पासबुक पुढे ठेवले. आरंभीची शिल्लक ५०,००० रुपये. महिन्यात ४०,००० जमा झाले, ४०,००० काढले. अखेरची शिल्लक पुन्हा ५०,०००. उलाढाल ८०,००० झाली, शिल्लक मात्र तसूभरही सरकली नाही. भौतिकशास्त्रात कापलेले अंतर म्हणजे ही उलाढाल आणि विस्थापन म्हणजे अखेरच्या व आरंभीच्या शिलकेतील फरक. अंतर भागिले काळ म्हणजे चाल, विस्थापन भागिले काळ म्हणजे वेग. दुकानातून निघून दिवसभर गावभर वसुली करून पुन्हा दुकानात आलेल्या माणसाची सरासरी चाल काहीतरी असतेच. त्याचा सरासरी वेग मात्र शून्य असतो. राहिली चिन्हे. विद्यार्थी ऋण चिन्हाला घाबरतात, किंवा ‘ऋण म्हणजे वेग कमी होणे’ असे समजून बसतात. ते चिन्ह केवळ बाजू सांगते, जसे आपले जमा आणि नावे. कोणती बाजू धन धरायची हे आरंभी ठरवायचे आणि शेवटपर्यंत पाळायचे, एवढेच. कीर्द लिहिणाऱ्या घरातल्या मुलीला हे सांगायला पाच मिनिटे लागली.

सरासरीपाशी मात्र ती अडली. पुण्याहून अहिल्यानगर साधारण १२० किलोमीटर. जाताना ताशी ६० किलोमीटरने गेलो, येताना ताशी ४० ने आलो, तर सरासरी चाल किती? तिने तत्काळ ५० सांगितले. मी म्हटले, आता असे समज : १,२०० रुपयांचा माल किलोला ६० रुपये दराने घेतला आणि आणखी १,२०० रुपयांचा ४० रुपये दराने. सरासरी भाव काय पडला? तिने बोटांवर हिशेब केला. वीस किलो आणि तीस किलो, एकूण पन्नास किलो माल, २,४०० रुपये, भाव ४८. मग ती स्वतःच हसली. जाताना दोन तास, येताना तीन, एकूण पाच तासांत २४० किलोमीटर; उत्तर ४८. स्वस्त माल जास्त येतो, तसा मंद प्रवास जास्त वेळ खातो. गल्ल्यावर बसणारे कोणतेही मूल मालाच्या भावात ही चूक करणार नाही. परीक्षागृहात मात्र हमखास करते.

त्वरणाचे उदाहरण मला माझ्याच चुकीतून द्यावे लागले. शाखाधिकारी असताना एका अडत व्यापाऱ्याची कर्जमर्यादा मी वाढवून दिली होती. त्याची मासिक विक्री लाखांत अशी होती : १०, १३, १५, १६, १६. विक्री आजवरच्या उच्चांकावर आहे, एवढेच मी पाहिले. वाढीचा स्तंभ मांडला असता, तर ३, २, १, ० असे आकडे दिसले असते; आणि त्या वाढीतला बदल दर महिन्याला एकसारखा, ऋण १. पुढील दोन महिन्यांत विक्री १५ आणि १३ वर आली, आणि ते कर्ज वसूल होण्यास दोन वर्षे लागली. विक्री हे स्थान, वाढ हा वेग, वाढीतील बदल हे त्वरण. ज्या महिन्यात वाढ शून्य झाली त्या महिन्यातही ओढ खालीच होती. नात गप्प राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘पण हे पैशाचे झाले. चेंडूचे असेच असते कशावरून?’

हा प्रश्न रास्त होता. याचे उत्तर उपमेने देता येत नाही, मोजूनच द्यावे लागते. गॅलिलिओने ते कसे मोजले, हे त्याने १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. सरळ खाली पडणारी वस्तू इतक्या वेगाने जाते की त्याच्याजवळ तिला मोजण्याचे साधन नव्हते. म्हणून त्याने पडणेच मंद केले. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईला सरळ गुळगुळीत खाच पाडली, तिला आतून चर्मपत्र लावले, तुळईचे एक टोक उचलून ठेवले आणि काशाची गोळी घरंगळत सोडली. सेकंद बिनचूक मोजणारे घड्याळ तेव्हा कोठून असणार! मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पडणारे पाणी तो गोळी उतरेपर्यंत पेल्यात साठवी आणि नंतर ते अचूक तराजूवर तोली. पाण्याच्या वजनांचे जे प्रमाण, तेच काळाचे प्रमाण. काळ त्याने अक्षरशः तराजूत तोलला. पिढ्यान्‌पिढ्या तराजू धरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट शाळेत कोणी का सांगितली नाही, याचे मला आजही नवल वाटते. हा प्रयोग शंभर वेळा करूनही निष्कर्ष बदलला नाही, असे तो लिहितो : अंतर हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आम्ही खिडक्या बनवणाऱ्याकडून दोन मीटरचे ॲल्युमिनियमचे चॅनेल आणले. एका टोकाखाली जुनी जाडजूड खतावणी ठेवली, शेजारी मोजपट्टी चिकटवली, आणि काचेची गोटी सोडून मोबाइलवर चित्रण केले. नातीने चित्रण दर सेकंदाला थांबवून स्थान वाचले : ९, ३७, ८१, १४६ सेंटीमीटर. प्रत्येक सेकंदात कापलेले अंतर : ९, २८, ४४, ६५. या अंतरांतील फरक : १९, १६, २१. गॅलिलिओच्या नियमाप्रमाणे क्रमागत सेकंदांतील अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात यावयास हवीत, म्हणजे ९, २७, ४५, ६३. आमचे आकडे एकदोन सेंटीमीटरने चुकत होते. तिला ते खोडून ‘बरोबर’ लिहायचे होते. मी लिहू दिले नाही. ताळा जुळत नाही म्हणून आकडा फिरवणारा कारकून बँकेत टिकत नाही. मोजपट्टी एका सेंटीमीटरपर्यंत वाचली, तर फरकांत तेवढी तूट येणारच.

एक भेद येथे सांगितला पाहिजे. खात्याला महिनाअखेर असते, गोटीला नसते. ‘या क्षणी वेग किती’ हे हवे असेल, तर मोजण्याचा कालावधी लहान लहान करीत जावे लागते : सेकंदाऐवजी अर्धा, मग दशांश. गाडीचा स्पीडोमीटर जो दाखवतो तो असा, अगदी अल्प कालावधीचा वेग.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून गोटी खालच्या टोकाकडून वर ढकलली. ती चढली, थबकली, परत आली. दर सेकंदाची स्थाने : ४५, ७३, ८१, ७१, ४५. तिने पहिला स्तंभ लिहिला : ४५, २८, ८, ऋण १०, ऋण २६. मग दुसरा : ऋण १७, ऋण २०, ऋण १८, ऋण १६. गोटी वर थबकली ती ८ आणि ऋण १० यांच्या मध्ये. त्या ओळीसमोर ऋण १८ होते, वरच्या-खालच्या ओळींसारखेच. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. मग म्हणाली, ‘थांबली तेव्हाही चालूच होते, आजोबा.’

अर्जाचे तिने अजून काही ठरवलेले नाही. चॅनेल मात्र तिने तिच्या खोलीत नेले आहे, आणि खतावणीऐवजी दोन खतावण्या ठेवल्या तर १८ चे किती होतील, हे ती पाहणार आहे.