शिक्का आणि झीज : केइरिनच्या जुन्या भागांचा बाजार

सायकलीची घडण : लेखांक ६

फिक्स्ड गिअर, म्हणजे चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहणाऱ्या सायकलीच्या जुन्या भागांच्या बाजारात चढा भाव खाणारा बराचसा माल जपानमधील केइरिन या शर्यतीतून आलेला असतो, आणि त्यामागचे कारण कारागिरीत जितके आहे तितकेच, किंबहुना अधिक, एका नियमात आहे. केइरिन १९४८ साली क्युशू बेटावरील कोकुरा येथे सुरू झाली ती पैजेची शर्यत म्हणूनच. पैज लावणाऱ्याने स्वाराचा दम आणि त्याचे डावपेच जोखावेत, कोणाची सायकल सरस आहे याचा अंदाज बांधत बसू नये, यासाठी स्वारांची यंत्रे शक्य तितकी सारखी ठेवणे शर्यत चालवणाऱ्यांना भाग होते. त्यातून सांगाड्यापासून पायडलच्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक भागाला मान्यता घेण्याची पद्धत आली. १९५७ साली स्थापन झालेल्या निहोन जितेन्शा शिन्कोकाई या संस्थेची एनजेएस ही आद्याक्षरे मान्य भागावर कोरली जाऊ लागली, आणि २००८ मध्ये या संस्थेचे काम जेकेए या दुसऱ्या संस्थेकडे गेल्यानंतरही तो शिक्का कायम राहिला.

या नियमाचा जुन्या मालाच्या बाजारावर झालेला परिणाम कोणी योजलेला नव्हता. रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलींमध्ये मागच्या चकत्या पाचांवरून सहा, सात करत बारापर्यंत गेल्या, हबची रुंदी व चेनची जाडी त्यांच्याबरोबर बदलत राहिली आणि वीस वर्षांपूर्वीचा उत्तम भागही नव्या सायकलीला निरुपयोगी ठरू लागला. केइरिनची मापे मात्र जवळजवळ गोठलेली राहिली. मागच्या हबची रुंदी १२० मिलिमीटर, चेन एक अष्टमांश इंच रुंद, पुढचे चेनव्हील १४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्टांनी बसणारे, हँडलची पकड २५.४ मिलिमीटर, ही मापे ठरलेली असल्यामुळे १९८० च्या दशकातील सुगिनो या कंपनीचा क्रँक त्यानंतर तीस वर्षांनी बांधलेल्या सांगाड्यावर बिनतक्रार चढतो. शर्यतीतील स्वार आपले सामान झिजून निकामी होण्याच्या कितीतरी आधी बदलतात, निवृत्त झाल्यावर उरलेलेही विकतात, आणि २००० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्कोच्या सायकल-कुरिअरांकडून फिक्स्ड गिअर सायकल शहरी तरुणांच्या हौसेचा विषय झाली तेव्हा तिला लागणारा हा माल जपानमध्ये आयताच तयार होता.

शिक्क्याविषयी एक गैरसमज मात्र या बाजारात पक्का रुजला आहे. एनजेएस ही अक्षरे भाग कोणत्या मापाने व कोणत्या कसाने घडवला गेला एवढेच सांगतात. घडवल्यानंतर त्याचे काय झाले याविषयी ती काहीच सांगत नाहीत. शर्यतीत पडून वाकलेल्या हँडलवरही ती तितकीच ठसठशीत दिसतात. म्हणून खरेदीदाराने अक्षरांपेक्षा आट्यांकडे अधिक वेळ पाहावे, आणि त्यातही सर्वांत आधी मागच्या हबच्या आट्यांकडे.

फिक्स्ड गिअरच्या मागच्या हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली पायरी मोठ्या व्यासाची आणि नेहमीच्या उजव्या आट्यांची असून तिच्यावर दातेरी चकती बसते. बाहेरची पायरी किंचित लहान आणि उलट्या आट्यांची असून तिच्यावर लॉकरिंग नावाचे कडे घट्ट केले जाते. स्वार पायडल उलट दाबून वेग कमी करतो तेव्हा चकती उकलू पाहते, पण उकलण्याच्या त्याच दिशेने ती लॉकरिंगला रेटते आणि उलट्या आट्यांमुळे लॉकरिंग अधिकच आवळले जाते. ही जोडणी मुळात सैल राहिली असेल, तर पोलादी चकती प्रत्येक झटक्याला हबच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांचे माथे थोडे थोडे खरवडत जाते. असे आटे वरून चकचकीत दिसतात, परंतु त्यांच्यावरून नख फिरवले तर धार असायला हवी तेथे ते गोल लागतात, आणि तसा हब शिमानोच्या ड्युरा-एस मालिकेतला असला तरी घेण्याजोगा नसतो. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर उलट्या आट्यांची पायरीच नसते. महाराष्ट्रातही काही हौशी मंडळी जुन्या एकगिअरी सायकलीच्या अशाच हबवर चकती चढवून वर डिंकासारखे रसायन लावतात. ब्रेक नसलेल्या सायकलीवर हा प्रयोग सरळसरळ जिवावरचा आहे.

हबचे छर्रे ज्या वाट्यांत फिरतात त्या वाट्यांना खड्डे पडले आहेत की काय, हे आस दोन बोटांत धरून अगदी सावकाश फिरवल्यावर कळते: हात मध्येच अडखळला तर खड्डा आहे असे समजावे. छर्रे व कोन बदलता येतात. हबच्या अंगात ठोकून बसवलेली वाटी बहुधा बदलता येत नाही. क्रँकच्या बाबतीत चौकोनी भोकाची झीज महत्त्वाची. या भोकात बसणाऱ्या निमुळत्या चौकोनी आसाचे जपानी आणि आंतरराष्ट्रीय असे दोन प्रमाण प्रकार असून दोहोंचा उतार सारखाच, पण टोकाची जाडी वेगळी असते; परिणामी चुकीची जोडी लावल्यास क्रँक सुमारे साडेचार मिलिमीटर आत किंवा बाहेर बसतो आणि चेनची रेषा बिघडते. सांगाडा घेताना पुढच्या नळीच्या मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाकडील रंग तिरप्या उजेडात पाहावा. समोरून धडक बसलेल्या सायकलीचा रंग तेथे बारीक सुरकुतलेला असतो. नागासावा किंवा मकिनो यांच्यासारख्या नामांकित कारागिराचा सांगाडाही या नियमाला अपवाद नाही. जपानी स्वार कोइची नाकानो याने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे जागतिक स्प्रिंट अजिंक्यपद मिळवले ते नागासावाच्या सांगाड्यांवर, हे खरे असले तरी त्या कीर्तीने वाकलेली नळी सरळ होत नाही.

चेन, टायर आणि शक्यतो मागची चकतीही नवीनच घ्यावी, कारण तेथे वाचणारे पैसे क्षुल्लक असतात. वापरलेली चेन मोजण्याची रीत सोपी आहे: तिच्या २४ कड्यांची लांबी नवेपणी बरोबर १२ इंच भरते, ती एक सोळांश इंचाने वाढली की चेन बदलावी, आणि एक अष्टमांशाने वाढली असेल तर चकती व चेनव्हील यांचे दातेही झिजले आहेत असे धरून चालावे.

सुधारणा म्हणून पहिला खर्च कशावर करावा, याचे उत्तर बहुतेक जण चमकदार क्रँक असे देतात. वास्तविक पुढच्या चेनव्हीलचा एक दात कमीजास्त केल्यानेच मोठा फरक पडतो. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक नेमके तीन फेरे घेते, त्यामुळे एकच पाय पुढे ठेवून चाक अडवणाऱ्या व घसरत थांबणाऱ्या स्वाराचा टायर दर वेळी एकाच जागी घासला जातो आणि लवकरच तेथे दोरा दिसू लागतो. चेनव्हील ४७ दात्यांचे लावले की तीच झीज सोळा जागी विभागली जाते. अर्थात अशा थांबण्यावर विसंबणे हीच मुळात चूक असून जपानच्या कायद्यानुसारही रस्त्यावर दोन्ही चाकांना ब्रेक आवश्यक आहे.

विक्रेत्याची अडचण येथेच सुरू होते. धावपट्टीसाठी बांधलेल्या सायकलीच्या चिमट्याला ब्रेकचे भोक नसते. ते पाडले तर सायकल रस्त्यावर चालवण्याजोगी होते, पण संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते. भोक न पाडता ब्रेक पकडणारी कडी मिळतात, आणि पुढे विकण्याचा विचार असणाऱ्याने तीच वापरावीत. पूर्ण सायकलीपेक्षा सुटे केलेले भाग विकून एकूण रक्कम सहसा अधिक येते, मात्र चाकांची जोडी फोडू नये आणि छायाचित्रांत नावाच्या अक्षरांबरोबर आटेही दाखवावेत, कारण जाणकार गिऱ्हाईक तेच मागते. नळीसारखा शिवलेला, रिमला डिंकाने चिकटवायचा टायर लागणाऱ्या केइरिनच्या मूळ रिमांना मात्र रस्त्यावरच्या स्वाराकडून फारशी मागणी नसते, कारण वाटेत पंक्चर झाले तर ते काढणे त्रासाचे असते. २०१२ साली पुन्हा सुरू झालेल्या महिलांच्या केइरिनमध्ये कार्बनचे सांगाडे वापरले जातात, त्यामुळे जुन्या पोलादी सांगाड्यांचा पुरवठा पुढेही पुरुषांच्या शर्यतींतूनच होत राहील.