पाण्याखालची गावं

गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह, तर शेजारच्या भंडाऱ्यात वैनगंगेवर गोसेखुर्द, ही दोन धरणं. गोसेखुर्दच्या पाण्यात गावंच्या गावं गेली. तिथे स्कूबाने उतरावं, असं कुणाच्याही मनात येईल. चीनमधलं शिचेंग शहरही असंच १९५९ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याच्या कोरीव कमानी पाणबुडे आज जवळून पाहतात.

पण जलाशयाचा तळ म्हणजे गाळ. पायातल्या फिनचा एक फटका बसला की तो ढगासारखा उसळतो, आणि टॉर्च असूनही स्वतःची बोटं दिसत नाहीत. पडक्या घरात शिरलेल्याला मग दार सापडत नाही. म्हणून परतीची दोरी बाहेर बांधूनच आत जायचं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे बुडण्यासाठी कमरेला बांधलेलं शिसं दोन-अडीच किलोंनी कमी करावं लागतं.

आपल्याकडे खरं दर्शन उन्हाळ्यात घडतं. उजनी धरण खूप आटलं की पळसदेवचं पळसनाथ मंदिर उघडं पडतं. गोव्यात साळावली धरणात बुडालेलं कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, मे महिन्यात वर येतं. तेव्हा विस्थापित गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, आपापल्या घरांची जोती शोधतात.