पिढीजात आघात आणि विमुक्तांची आत्मकथने

विमुक्तांच्या आत्मकथनांचे अध्यापन आपण बहुधा ‘अनुभवाचे वेगळेपण’ या एकाच अंगाने करतो. दारिद्र्य, भटकंती, जातपंचायत, बोलीची धाटणी असे मुद्दे फळ्यावर येतात आणि तास संपतो. मात्र ही वेदना एका व्यक्तीची नाही. ती पिढ्यांमधून उतरत आलेली आहे, आणि ती भरून येण्याच्या प्रक्रियेत कथनाला विशिष्ट स्थान आहे. प्रस्तुत लेखात या स्थानाचा विचार करावयाचा आहे.

‘ऐतिहासिक आघात’ ही संकल्पना अमेरिकेतील लकोटा समाजाच्या संदर्भात मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी मांडली. समूहावर झालेल्या अत्याचाराचे ओझे तो प्रत्यक्ष न भोगलेल्या पुढील पिढ्याही वाहतात आणि ज्याचा शोक करता आला नाही ते दुःख साचत जाते, असे तिचे सूत्र आहे. कॅनडात मूलनिवासींची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली. तेथील सत्य व सलोखा आयोगाने (२००८–२०१५) त्यांच्या साक्षी नोंदवून ९४ आवाहने केली.

आपल्याकडील इतिहास याहून फार निराळा नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, प्रवासाचे परवाने आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’ ही त्याची साधने होती. मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारशाळांत ठेवण्याची तरतूदही १९११ च्या कायद्यात होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले. मुंबई राज्यात असा कायदा १९५९ मध्ये झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, तरी पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या मनातील शिक्का कायम राहिला.

या शिक्क्याचा सर्वांत खोल परिणाम म्हणजे तो स्वतःलाच खरा वाटू लागणे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७) शाळेत जाणाऱ्या मुलाकडे वस्तीच संशयाने पाहते, ते या दृष्टीने वाचावयास हवे. त्याला केवळ अज्ञान म्हणणे अपुरे आहे. ज्या समाजाला बाहेरच्या जगाने सतत ठेचले, त्याला तिकडे जाणारी वाट अनिष्ट वाटावी, यात नवल नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मधील (१९८०) जातपंचायतीचा कठोरपणाही असाच दुपदरी आहे. ती व्यक्तीला जखडते. पण राज्यसंस्थेने परके ठरविलेल्या समूहाला तिनेच एकत्रही ठेवले.

मग कथनाने काय साधते? लेखनाने दुःख हलके होते, हे उत्तर फार ढोबळ आहे. पुष्कळदा सांगण्याने जखम पुन्हा उघडते. कथन करते ते दुसरेच काम : रक्तात आहे असे मानला गेलेला दोष ते इतिहासात आणून ठेवते. ‘आम्ही असेच’ या वाक्याच्या जागी ‘आम्हांला असे केले गेले’ हे वाक्य येते. लाजेचे रूपांतर प्रश्नात होते. बरे होण्याची सुरुवात येथे होते.

परंतु साक्षीला ऐकणारा लागतो, आणि ती एकट्याने पेलत नाही. पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात १९९८ मध्ये बुधन सबर यांचा कोठडीत मृत्यू झाला. त्यावरील नाटक अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्याच वर्षी उभे केले आणि त्यातून बुधन थिएटर जन्मले. दुसऱ्या प्रांतातील, दुसऱ्या जमातीच्या माणसाचे मरण छारांनी आपले मानले. आघाताला सामूहिक उत्तर मिळाले, आणि तेही वस्तीच्या आतून. बाहेरच्यांनी द्यावयाचा आधार म्हणजे अशा प्रयत्नांना जागा, साधने आणि न्याय मिळवून देणे होय. न्यायाविना सांत्वन टिकत नाही.

आपल्या वर्गात हा प्रश्न दूरचा नाही. ‘उचल्या’ शिकविताना समोरच्या बाकावर एखादा पारधी किंवा कैकाडी विद्यार्थी असू शकतो. त्याला ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभे करणे ही नवी हजेरीच ठरेल. कायद्याचा इतिहास आपण सांगावा, संहितेतील वेदनेचे कारण त्यात शोधावे, आणि बोलावे की गप्प राहावे हे त्याच्यावर सोडावे. ज्यांच्या पूर्वजांना दररोज हजेरी द्यावी लागली, त्यांना मौनाचा अधिकार देणे हीही त्या आत्मकथनांची एक समीक्षाच आहे.