लोणारचे गुलाबी पाणी आणि कॅमेऱ्याची साक्ष

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. एरवी हिरवट दिसणाऱ्या या पाण्याची छायाचित्रे आणि चित्रफिती देशभर पोहोचल्या. तेव्हा लोक विचारत होते, ‘पाणी गुलाबी कशामुळे झाले?’ तशीच चित्रफीत आज हाती आली तर पुष्कळांचा पहिला प्रश्न असेल, ‘हे खरे आहे की ए.आय.ने बनवले आहे?’ एवढ्या थोड्या वर्षांत हा फरक का पडला? आणि मुलांना घेऊन आपल्या परिसरावर चित्रफीत करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने त्यातून काय घ्यावे? ते समजण्यासाठी आधी कॅमेरा काय करतो ते पाहू.

कॅमेऱ्यालाही अंदाज करावा लागतो

मोबाइलच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक संवेदक असतो. त्यावर प्रकाश मोजणारे लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला किती प्रकाश पडला हे कळते, पण त्याचा रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. १९७६ साली कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना या रचनेचे पेटंट मिळाले. तिच्यात दर चार कप्प्यांपैकी दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो.

आता गणित करा. चित्रातील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे लागतात. प्रत्यक्ष मोजलेला असतो एकच. उरलेले दोन आकडे शेजारच्या कप्प्यांवरून काढले जातात. म्हणजे साध्या छायाचित्रातही रंगांचे दोन तृतीयांश आकडे अंदाजाचे असतात!

मग आपण छायाचित्रावर विश्वास का ठेवतो? कारण ज्या शेजाऱ्यांवरून अंदाज केला, त्यांच्यावरही त्याच क्षणी, त्याच जागेवरून आलेला प्रकाश पडलेला असतो. लोणारच्या काठी उभे राहून घेतलेल्या चित्रातील अंदाजही लोणारच्या प्रकाशातूनच निघतो.

ए.आय.चा अंदाज कुठून येतो?

चित्रे निर्माण करणारी आजची बरीचशी साधने एका युक्तीवर चालतात. शिकवताना खऱ्या चित्रावर थोडे थोडे ठिपके विखुरून ते पूर्ण बिघडवले जाते, आणि ते ठिपके कसे काढायचे हे संगणकातील प्रतिमानाला शिकवले जाते. चित्रांसोबत त्यांची वर्णनेही दिली जातात. यासाठी लागणारा साठा प्रचंड असतो; २०२२ साली खुल्या केलेल्या अशा एका संग्रहात चित्र व वर्णन यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. शिकून झाल्यावर प्रतिमानाला नुसते विस्कळीत ठिपके आणि आपले शब्द द्यायचे. ते पायरीपायरीने ठिपके काढत त्या शब्दांना शोभेल असे चित्र घडवते.

त्याला ‘विवरातील गोल सरोवर’ असे सांगितले तर सुबक चित्र मिळेल. पण ते आधी पाहिलेल्या असंख्य सरोवरांच्या संस्कारातून आलेले असेल, आणि त्यांतील बरीच ज्वालामुखीच्या मुखातील असणार. लोणारचे विवर मात्र उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. शिवाय एखाद्या विशिष्ट आठवड्यात पाणी कोणत्या रंगाचे होते हे त्या साठ्यातून कळणार कसे? गुलाबी सांगितले तर ते गुलाबी पाणी देईल, निळे सांगितले तर निळे, आणि दोन्ही तितक्याच सफाईने.

२०२० साली खात्री कशी पटली?

त्या वेळी केवळ छायाचित्रांवर भिस्त ठेवली गेली नाही. लँडसॅट-८ या उपग्रहाने २५ मे आणि १० जून २०२० रोजी घेतलेल्या प्रतिमांत हा बदल वरूनही दिसला. वनविभागामार्फत पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव तेथे आढळले. त्यांच्यातील गुलाबी रंगद्रव्यामुळे पाणी तसे दिसत होते. पाणी स्थिर राहिल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. काठावरचा कॅमेरा, आकाशातला उपग्रह आणि बाटलीतले पाणी असे तीन वेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

फाळक्यांचा वाटाणा

चित्रपटात बनवाबनवी नवीन नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून त्यांनी अनेक दिवसांची वाढ अगदी थोड्या वेळात दाखवली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी चमत्कार पडद्यावर आणण्यासाठी कॅमेऱ्याच्या कितीतरी करामती केल्या. त्यात कोणाची फसवणूक झाली नाही, कारण प्रेक्षक पुराणकथा पाहायला आले होते.

वाटाण्याच्या चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. तिथे वेळ आटवलेला असला तरी प्रत्येक चौकट त्याच रोपाची होती. आज दोन चौकटींमध्ये आणखी दहा चौकटी ए.आय.कडून भरून घेता येतात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण मधल्या काळात रोपाचा शेंडा कोणत्या बाजूला झुकला होता याची माहिती तेवढीच राहते. मुलांना नेमके ते झुकणेच अभ्यासायचे असेल तर भरलेल्या चौकटी दिशाभूल करतील.

वर्गासाठी

मग ही साधने वापरूच नयेत का? जरूर वापरावीत. सिंदखेड राजा येथील राजवाडा पाहून मुले जिजाऊंच्या बालपणावर नाटिका चित्रित करणार असतील, तर मागचा दरबार ए.आय.कडून रंगवून घ्यायला हरकत नाही. फक्त तो कल्पनाचित्र आहे हे पडद्यावर लिहावे. नोंद म्हणून केलेल्या चित्रफितीत मात्र प्रत्येक साधनाबाबत एकच प्रश्न विचारावा : नसलेली माहिती याने कुठून आणली, या जागेवरून की दुसऱ्या चित्रांवरून?

आवाजालाही हाच प्रश्न लागू पडतो. गावातील आजींची मुलाखत संगणकाकडून लिहून घेतली तर त्यांचे ‘मले’, ‘तुले’ हे वऱ्हाडी शब्द ‘मला’, ‘तुला’ होऊन येण्याची शक्यता असते, कारण शिकताना प्रमाण मराठी जास्त मिळालेली असते. मजकूर शुद्ध दिसेल, पण आजी तसे बोलल्या नव्हत्या. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण ऐकून तपासावे.

एक प्रयोग सहज करता येईल. वहीच्या पानावर अपरिचित आडनावे लिहून ते मैदानाच्या टोकाला लावा. अक्षरे वाचता येणार नाहीत इतक्या लांबून त्याचा फोटो घ्या. तो ए.आय.कडून स्पष्ट करून घ्या, त्यात काय वाचता येते ते मुलांना लिहायला सांगा, आणि मग जवळ जाऊन मूळ पानाशी ताडून पाहा. स्पष्ट दिसणे आणि बरोबर असणे यांतला फरक मुलांच्या लक्षात येईल.

चित्रीकरणाला जाताना एक नोंदवहीही न्यावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि कॅमेऱ्याची दिशा तिच्यात लिहावी. सुरुवातीच्या चौकटीत एक पांढरा कागद व मोजपट्टी दिसू द्यावी. उन्हाच्या रंगामुळे पाण्याचा रंग किती बदलला हे कागदावरून कळते, आणि मोजपट्टीवरून आकार. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी, संस्करण तिच्या प्रतीवर करावे आणि वापरलेली साधने शेवटी नोंदवावीत. लोणारसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय पाण्याचे नमुने घेऊ नयेत. गावच्या तळ्याचे पाणी मात्र बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवता येईल. उद्या त्या तळ्याचा रंग बदलला आणि कोणी शंका घेतली, तर दाखवायला शाळेजवळ फोटो, नोंदवही आणि ती बाटली असेल.